उरलेल्या बारा हजारांची शपथ

जूनमधला रविवार, माउंट रॉस्किलचं आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, माझे थोरले दीर आणि या दोघा भावांचे मामा. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल. ज्यू धर्मकायदा आमच्यात मामांनाच ठाऊक.

भावजी म्हणत होते, घर घेताना त्यांनी आम्हाला वीस हजार डॉलर उसने दिले.

"आठ तुझे," नवरा म्हणाला. "बारा पप्पांनी दिले, फक्त तुझ्या हातून." पप्पा आता विचारायला नव्हते.

मामा म्हणाले, "थोडं कबूल करणाऱ्याला उरलेल्यासाठी शपथ घ्यावी लागते. सगळंच नाकारलं असतंस, तर तोराने, आपल्या धर्मग्रंथाने, ही शपथ घातली नसती."

"म्हणजे आठ कबूल केले म्हणून अडकलो?"

"ज्याने दिले त्याच्या तोंडावर सगळं नाकारायला माणूस धजत नाही. थोडं मान्य करून वेळ काढतो, असा संशय येतो."

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. "तुलाही तोच संशय आहे?"

भावजी चहाकडे बघत म्हणाले, "घे शपथ, विषय संपला."

"पैशासाठी देवाचं नाव घेणार नाही. सगळे वीस घे."

सोमवारी मी पैसे पाठवले. भावजी पुन्हा आले नाहीत.

या रविवारी पप्पांची वर्षाची प्रार्थना आहे. मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे, नारळ, खजूर आणून झाले. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात; नवरा धरून नऊ जमले आहेत. भावजींना फोन करायचा राहिला आहे.