कोमट सर

कोमट सरांना काहीही गार चालत नसे आणि गरमही चालत नसे. सोलापूरच्या मे महिन्यात आम्ही माठावर उड्या टाकायचो, तेव्हा हे आपल्या केबिनमध्ये थर्मासमधलं कोमट पाणी घोट घोट घेत बसायचे. चहा आला की बशीत ओतून त्यावर साय धरेपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "आता कसा घशाला बरा लागतो की." हे नाव आम्ही हॉस्पिटलच्या लॅबमधल्या मुलींनीच ठेवलं होतं.

मतांचंही तेच. एक्स-रे दाखवा, रजेचा अर्ज द्या, छत गळतंय म्हणून सांगा, उत्तर एकच: "बघू की." भिंतीवर पदव्यांच्या तीन चौकटी, आणि ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना हा माणूस पेशंटच्या सासूचा कौल घ्यायचा. मला त्यांची कीवसुद्धा यायची नाही. माझी गाडी महिनाभर बंद होती तेव्हा रोज संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवरून शुक्रवार पेठेत घरापर्यंत सोडलं, न सांगता. त्याबद्दलही मी मनात नावंच ठेवली, कारण स्कूटर वीसच्या वर जात नसे.

अशा माणसाच्या हाती आमच्या हॉस्पिटलात एका नव्या उपचाराची चाचणी आली. पेशंटच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पुण्याच्या लॅबनं त्यातल्या मूळपेशी वाढवून पाठवायच्या, आणि त्या एका जेलमध्ये मिसळून गुडघ्यात सोडायच्या. गुडघ्यातल्या कूर्चेला आमच्याकडे सगळे गादी म्हणतात. ती जिथं फाटली तिथं पेशी टिकून राहाव्यात म्हणून ते जेल. बर्फावर पाण्यासारखं पातळ, अंगाची ऊब लागली की घट्ट. तेव्हा बर्फातून काढायचं आणि लगेच टोचायचं, एवढं एकच पथ्य होतं.

पहिल्या पेशंट शारदाबाई. उजनीच्या काठच्या, केळीचे घड वाहणाऱ्या. ट्रॅक्टरवरून पडून गादीला खड्डा पडला होता, आणि गुडघा धड झाला नाही तर मुकादम त्यांच्या जागी दुसरी बाई लावणार होता. हाडात सुई गेली तेव्हा त्या ओठ दाबून पडून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "माज्याच हाडातलं हाय ते. नीट सांबाळा की." चाचणीच्या नियमानं एका पेशंटला एकदाच मिळणार होतं.

पुण्याहून पेशी आल्या त्या दिवशी मी बर्फाच्या पेटीतून सिरिंज काढून सरांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत मिटून धरली, बाळाला लावायचं तेल धरतात तशी.

"एवढं गार सांध्यात गेलं तर वात धरतो," सर म्हणाले.

"सर, घट्ट होईल."

"बघू की."

सूचनांचा कागद त्यांनी वाचला होता, खाली सही केली होती. पण गार बाधतं हे त्यांच्या आईनं शिकवलेलं त्याच्याही आधीचं होतं. दोन मिनिटांनी दट्ट्या दाबला तर तो जागचा हलेना. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबला. मग सिरिंज ठेवून ते मला हात धुवायच्या खोलीत घेऊन गेले आणि विचारलं, "आता काय करायचं?"

मला विचार करावा लागला नाही. "सलाइन टोचा, सर. तिला काय कळतंय?"

ज्या माणसाला कणा नाही म्हणून मी वर्षभर हसत होते, त्याला मी हे सुचवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहायची तसंच. "तू बाहेर थांब," म्हणाले.

ते शारदाबाईंजवळ स्टूल ओढून बसले. मला दारातून ऐकू येत होतं.

"बाई, तुमचं औषध वाया गेलं. चूक माझी. मी ते हातात धरून उबवलं."

"मग दुसरं आना की."

"दुसरं मिळत न्हाय."

 शारदाबाई म्हणाल्या, "माजं हाड टोचलंत आन् आता चूक झाली म्हंताय? डाक्टर कशाला झाला तुमी?"

 शारदाबाईंचा नवरा आला तेव्हा सरांनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. पुढं चाचणी त्यांच्याकडून गेली, मग नोकरीही गेली. ते हुबळीला मुलीकडे निघून गेले. आम्ही निरोपाचा चहासुद्धा दिला नाही. शारदाबाईंच्या जागी दुसरी बाई लागली, हे सरांनीच त्यांच्या घरी फोन करून विचारलं होतं म्हणून आम्हाला कळलं.

नव्या मुलींना मी कोमट सरांचा किस्सा अजून रंगवून सांगते. तळवे मिटून दाखवते, दट्ट्या दाबल्याचा आव आणते, मुली पोट धरून हसतात. हात धुवायच्या खोलीत काय झालं ते मी सांगत नाही. सरांनीही सांगितलं नाही. त्यांच्या हातचा अहवाल आमच्या कपाटात आहे, आणि त्यात माझ्याबद्दल एकच वाक्य आहे: "तंत्रज्ञांनी मला वेळेवर सावध केले होते."