उडी मारणारी माणसं

आमच्या ताईला घेऊन टॅक्सीत बसायचं म्हणजे आधीच तयारी ठेवावी लागते. वळण आलं की हिचा पाय समोरच्या सीटला फाडकन बसतो. टॅक्सीवाला मागे वळून बघतो, ही खिडकीबाहेर बघते, आणि माफी कोण मागणार? मी. धाकटी बहीण ना!

तिचाही इलाज नाही. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी हिच्या पायाशी दुसरा. जन्मभर तो दुसरा ब्रेक दाबून पायाला खोडच लागली. सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचं काहीही वाटत नाही.

आधी ती त्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नुसते फोन घ्यायची. मलाही शिकवू द्या म्हणाली तेव्हा मालक हसले, "बाईकडून कोण शिकणार?" ही म्हणाली, "तुमच्या मास्तरांच्या ओरडण्याला जे घाबरतात, ते." आता मास्तर माश्या मारत बसतात आणि हिच्याकडे नंबर लागतो. ती ओरडत नाही. पण एकदा नाही म्हणाली की दगडावरची रेघ, मग समोर मालक असो नाहीतर सख्खी बहीण.

तिचा एक नियम आहे. पहिल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. ऐन गर्दीच्या वेळी ती शिकणाऱ्याला चौकात नेते आणि पायी रस्ता ओलांडायला लावते. तेही असंतसं नाही. जो सगळ्यांत हळू चालत असेल त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीनं. लोक कुरकुरतात, "चालायला आम्हाला आमच्या आईनं शिकवलंय हो!" ती म्हणते, "मग तिचं नाव राखा आणि चाला."

आमच्या चिरंजीवांना मात्र तिनं हा नियम माफ केला. हट्ट माझाच होता. बेकरीवाल्या काकांनी त्याला पावाची व्हॅन चालवायला घ्यायचं कबूल केलं होतं, लायसन्स हातात आलं की लगेच. परीक्षेची तारीखही मिळाली होती. मी म्हटलं, "अगं, घरचा मुलगा! तो काय चौकात बगळ्यासारखा उभा राहणार?" आणि ताई, देव जाणे कशी, हो म्हणाली.

मुलगा गाडी चालवायचा मात्र झकास. मागे घे, चढावर उभी कर, चिंचोळ्या जागेत घाल, काही सांगा. मला केवढा अभिमान! "लहानपणापासून गेमवर हात बसलाय त्याचा," असं मी येईल त्याला सांगायची. शहरातल्या रस्त्यांवरून गाड्यांची शर्यत लावायचा तो गेम. त्यानं खेळून खेळून बटणं झिजवली आणि आता तोच गेम आमच्या शेंडेफळाकडे आला होता. ती चौथीत आहे.

एक दिवस मीही त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसून निघाले. पुढे पट्ट्यांवरून एक काठीवाले आजोबा रस्ता ओलांडत होते. आता हा वेग कमी करेल, मग करेल, असं मी म्हणतेय तोवर ताईचा ब्रेक कचकन लागला आणि माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. आजोबांना पत्ताच नाही. ते आपले काठी टेकत पलीकडे गेले.

"तुला दिसले नव्हते?" ताईनं शांतपणे विचारलं.

"दिसले ना."

"मग?"

"सरकले असते ना ते, मावशी."

उर्मटपणा नव्हता हो त्यात! पंखा लावला की वारा येतो, इतक्या सहज म्हणाला तो. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याला उठवून ती स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि गाडी थेट घरी आणली.

घरी शेंडेफळ खेळतच बसलं होतं. पडद्यावर तिची लाल गाडी फुटपाथवर चढली होती आणि माणसं टणाटण उड्या मारून बाजूला होत होती. ताई चप्पलसुद्धा न काढता दारातच थांबली.

"हे इथून आलंय," ती म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस! डोळे मिटून नाही आणला मी गेम. खोक्यावर स्वच्छ छापलंय, लहान मुलांना चालेल. रक्त नाही, मारामारी नाही, कोणी मरतसुद्धा नाही."

"शेजारी बसल्याशिवाय मी कोणाला पास-नापास करत नाही," ताई म्हणाली. "रविवारी येते. मला शिकव गं, पिल्लू."

आली की खरंच! चष्मा पुसून जमिनीवर मांडी ठोकून बसली. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा बघून गाडी उभी केली. मागून चारपाच गाड्या येऊन धडकल्या.

"मावशी, थांबू नको! तो दिवा नुसता चित्रातला आहे," शेंडेफळ किंचाळलं.

"मागचं कशात बघायचं?"

"मागचं बघायचंच नसतं!"

"आणि वळताना हात कुठून दाखवू?"

पोरगी हसून हसून गडाबडा लोळली. मलाही हसू आवरेना. ताई प्रत्येक शर्यतीत शेवटची येत होती आणि वळण आलं की तिचा पाय फरशीवर आपटत होता. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या, काय कुटताय?

मग एकाएकी तिनं शर्यत सोडली आणि गाडी फुटपाथवर घातली. "आता एखाद्याला धडकूनच दाखवते," म्हणाली. पिशवीवाली बाई टुणकन बाजूला. काठीवाला म्हातारा, तोही टुणकन. बाबागाडी ढकलणारी बाई बाळासकट भिंतीपलीकडे. ताई पुन्हा वळली, पुन्हा गेली, मागून गेली, कोपऱ्यात गाठलं. एकही माणूस सापडेना. मी ठेवलेला चहा गार झाला, तिच्या लक्षातही आलं नाही.

"बघ," मी म्हटलं. "म्हटलं होतं ना, कोणी मरत नाही."

"तेच तर वाईट आहे. एखादा पडला असता तर पोर निदान दचकलं असतं." तिनं कंट्रोलर खाली ठेवला. "तुझ्या मुलाला या गेमनं लहानपणापासून हेच शिकवलंय. आपण जायचं, ते सरकतात. माझ्याकडे येऊन त्याला महिनाही झाला नाही. कोणाचं शिकवणं पक्कं बसलंय, सांग."

माझा राग आणखीच चढला. आणि दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षेची तारीख रद्द केली तेव्हा तर मी तिच्या घरी जाऊन थयथयाट केला.

"त्याचं काम जाईल!"

"जाऊ दे."

"परक्यांची पोरं पास करतेस आणि रक्ताच्या भाच्याला..."

"परक्यांना मी चौकात चालवलं होतं. याला नाही चालवलं, ती चूक माझी. निस्तरणार पण मीच."

"मी दुसऱ्या स्कूलमधून बसवीन त्याला!"

"बसव. मी तिथे येऊन सांगेन, याला गाडी देऊ नका म्हणून."

आली असती हो ती! मी दार आपटून निघाले.

चिरंजीव माझ्यापेक्षा शहाणे. "जाऊ दे ना आई," म्हणाला. "एक सकाळ चालतो चौकात. मावशीचं समाधान होईल, तारीख परत मिळेल." मला पटलं. पण ताईचा भरवसा काय? तिच्याकडून चारचौघांत तारीख वदवून घ्यायचीच, असा पण करून मीही त्यांच्या मागोमाग गेले.

चौकात ही गर्दी. एक वयस्कर बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन रस्त्यात उतरल्या. गुडघे दुखत असावेत, पाऊल जेमतेम उचलत होतं. आमचा मुलगा त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं, चेहऱ्यावर नुसता कंटाळा. ताई एक पाऊल मागे. मी फुटपाथवरून बघत होते आणि तिला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते.

तेवढ्यात वळणावरून एक टेम्पो आला. ड्रायव्हरला ही तिघं दिसली. दिसली, मी शपथेवर सांगते; सरळ त्यांच्याकडेच बघत होता तो. पण वेग कमी केला नाही. सरकतील, असंच त्याचं तोंड सांगत होतं.

त्या बाई जागीच थिजल्या. आणि माझा मुलगा, फुटबॉलच्या टीममधला, जिने तीन-तीन पायऱ्या टाकत चढणारा, तोही थिजला. ना पुढे, ना मागे. ताईनं मागून दोघांचे कपडे दोन मुठींत धरले आणि असा हिसडा दिला की तिघंही एकमेकांवर कोसळली. टेम्पोचा आरसा पिशवीला लागला आणि टोमॅटो रस्ताभर झाले. वर तो मेला हॉर्न वाजवत गेला, चूक जशी काही यांचीच!

बाई उठून टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. ताई टोमॅटो वेचत होती. मुलगा फुटपाथच्या कडेला बसला होता, तोंड पांढरंफटक.

"आई, मला दिसत होता गं टेम्पो," तो म्हणाला. "पाय हललेच नाहीत."

भांडायला गेलेली मी. त्याच्या शेजारी तशीच खाली बसले आणि त्याचं डोकं छातीशी धरलं. तारखेचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. ताईनंही काढलं नाही.

दुपारी त्यानं स्वतः बेकरीवाल्या काकांना फोन केला. "काका, मला अजून गाडी येत नाही," म्हणाला. व्हॅनवर त्यांनी दुसऱ्याला घेतलं. याला क्रेट उचलायला ये म्हणाले, आणि हा जातो. रोज सकाळी बेकरीत जायच्या आधी चौकात मावशीबरोबर चालतो. परीक्षा कधी, ते ताई सांगत नाही, मी विचारत नाही.

पण त्याच संध्याकाळचं सांगते. शेंडेफळानं शाळेतून येऊन दप्तर फेकलं आणि गेम लावला. हा आत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हे बंद कर."

"का? मावशी म्हणाली?"

"मी म्हणतोय. यातली माणसं उडी मारतात. खरी नाही मारत."

"माहितेय रे दादा!" ती खळखळून हसली. "गेम आहे तो. एवढं कळत नाही का मला?"

"मलाही कळत होतं," तो म्हणाला.