टोनीच्या बापाचा पब
टोनी गेल्याचा फोन त्याच्या मुलाचा, पीटरचा आला, तेव्हा मी पोर्ट केम्ब्लाच्या आमच्या पबमध्ये बियरचे नळ साफ करत होते. लॉकडाउनमुळे शेवटचं भेटणंही झालं नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. भाषणात कुणी म्हणालं, "युद्धकाळात या कुटुंबानं काही अडचणी सोसल्या." अडचणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या अडचणी मला टोनीनंच सांगितल्या होत्या. मी पुण्याहून ऑस्ट्रेलियात वॉलाँगाँगला शिकायला आले, युनि संपल्यावर त्याच्याच पबात मॅनेजर झाले. करोनात पब बंद झाले. पगारासाठी सरकारी मदत आली, पण माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नाही. आम्ही म्हणे आपापल्या देशात परत जावं... विमानं बंद असताना!

पीटर चाचरत म्हणाला, "अनघाला कामावरून थांबवावं लागेल, डॅड. नियमच आहे."

"नियम?" ऐंशी उलटलेला टोनी ताडकन उठला. "मी सात-आठ वर्षांचा होतो. इटलीशी लढाई सुरू झाली आणि माझा इटालियन बाप एका दिवसात शत्रू झाला. परवाना काढून घेतला, पबला कुलूप लावलं, त्याला छावणीत नेलं. न्यायला आलेले पोलीस आदल्या संध्याकाळी त्याच्याच हातची बियर पिऊन गेले होते! तोही नियमच होता."

बाप सुटून आला, पण पुन्हा पबात पाऊल टाकलं नाही. टोनीनं मोठेपणी त्याच रस्त्यावर हा पब घेतला.

मला त्यानं काढलं नाही. आम्ही पार्सल सुरू केलं. तो पास्ता करायचा, मी करी. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, एक जुना गिऱ्हाईक माझ्याकडे बघत म्हणाला, "या लोकांना अजून पाठवलं नाही का?" टोनीनं त्याच्या हातातलं पार्सल काढून घेतलं. "हे तिनं रांधलंय, मेट. तुला चालणार नाही."

यंदा मी इथली पर्मनंट रेसिडेंट झाले. टोनीनंतर परवाना माझ्या नावावर घ्यायला पीटरनंच सांगितलं. परवानाधारकाचं नाव दारावरच्या पाटीवर असावं लागतं. मागच्या आठवड्यात रंगारी टोनीचं नाव खरवडू लागला, तशी मी ओरडले, "हात लावू नकोस! माझं खाली लिही."

समुद्राच्या वाऱ्यानं पाटीवर मिठाचा थर बसतो. सकाळी दार उघडण्याआधी मी दोन्ही नावं पुसते. टोनीचं आधी.