सईची महागडी स्कूटर

आमच्या शेजाऱ्यांनी पाच वर्षांच्या सईसाठी, त्यांच्या मुलीसाठी, परदेशी स्कूटर आणली. एका पायानं ढकलत पळवायची, चाकांत निळे दिवे लागणारी. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत ते भेटेल त्याला तिची किंमत ऐकवत होते. मलाही ऐकवली. वर म्हणाले, "मुलांच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही हो."

तेवढ्यात सई उतारावरून सुसाट आली आणि वळणावर आपटली. ते धावले आणि त्यांनी आधी स्कूटर उचलली. चाक फिरवून पाहिलं, रंग कुठे उडालाय का ते बोटानं चाचपलं. सईला मी उठवलं. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ती रडत नव्हती.

"बाबा, तिला लागलं का?" तिनं घाबरून विचारलं.

"थोडक्यात वाचली," ते म्हणाले.

महागाची वस्तू घरात आली की काही माणसं तिची राखणदारी पत्करतात आणि लेकरांनाही त्याच चाकरीला जुंपतात. खरं तर मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली ती शिसारी. सई मात्र लंगडत पुढे गेली आणि फ्रॉकच्या टोकानं स्कूटरवरची माती पुसू लागली.