दोघी एका छपराखाली नकोत

वहिनीचा फोन आला तेव्हा मागे म्हैस सारखी हंबरत होती. एरवी त्या वेळेपर्यंत तिला वैरण टाकून दादा चहा पीत बसलेला असायचा. "वन्सं..." एवढंच म्हणून वहिनी थांबली आणि मला कळायचं ते कळलं. "हे गेले हो. झोपेतच." दीड महिना होत आला, तरी दादाची आठवण आली की आधी ते हंबरणं कानात येतं.

माझा दादा, दत्ताराम, बिरवाडीजवळच्या कारखान्यात फिटर होता. खोली बिरवाडीत, जीव मात्र पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर. निवृत्त झाला तसा चंबूगबाळं उचलून वहिनीसह आईजवळ राहायला गेला. मी महाडात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. एका पावसाळ्यात पुराचं पाणी माझ्या घरात शिरलं आणि बाबांचे होते नव्हते तेवढे फोटो गेले. दादा चिखल तुडवत आला आणि अल्बमची चिकटलेली पानं हलक्या हातानं सोडवत बसला. बोटांना नुसता रंग लागत होता. बाबांचा चेहरा काही सापडला नाही. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाला, "बाबा पाण्यात गेले. आई जायची नाय."

आई तेव्हा हयात होती, आणि तोंडानं तर फारच खणखणीत. दादानं मोबाइलवर तिचे फोटो काढायचा, तिचं बोलणं भरून घ्यायचा सपाटाच लावला. मुंबईच्या लेकाकडून सिमकार्डवर चालणारा राऊटर आणि बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क मागवल्या. लेक म्हणाला, सगळं ऑनलाइनच ठेवा की. "आणि पावसात रेंज गेली म्हंजे आईला ऐकायला मी मुंबईला येऊ काय?" दादानं त्याला गप्प केलं. रेंजची तर आमच्याकडे गंमतच होती. घरात एक कांडी नाही आणि गोठ्याच्या आढ्याखाली भरपूर! दादानं बेधडक राऊटर गोठ्यात टांगला आणि वायर घरात ओढून वायफायच्या डब्याला डिस्क जोडली. मोबाइलमधलं सगळं संध्याकाळी तिच्यात उतरायचं. लेकाशी बोलता बोलता पडद्यावरचं चित्र अडकलं की वहिनी शांतपणे सांगायची, "म्हशीनं पाठ घासली असंल." मी हसून बेजार व्हायचे. दादा मात्र वायरीवर पाइप चढवायला निघालेला असायचा.

दुसरी डिस्क माझ्याकडे. पाऊस लागायच्या आत महाडात जो तो सामान माळ्यावर चढवतो, तशी ती कापडी पिशवीतून माळ्यावर चढलेली. महिन्याकाठी दादा एसटीनं यायचा, भरलेली डिस्क स्वतः माळ्यावर ठेवायचा आणि जुनी घेऊन जायचा. "अरे, तुझ्या वाडीवर पाणी कधी चढणार आहे का?" मी चिडवायचे.

"पाणी नाय चढायचं, पण दरड उतरंल ना गो. तुझ्याकडं पूर, माझ्याकडं दरड. दोघींनी एका छपराखाली झोपायचं नाय." दोघी म्हणजे त्या डिस्क! जशा काही घरातल्या लेकीच.

पुढे आई गेली. तिचे दिवस झाल्यावर दादानं आम्हाला बसवून तिचा आवाज ऐकवला. आई कुणाला तरी झापत होती आणि मधेमधे दादा, "आई, इकडं बघ गो, इकडं बघ." तिचं एक वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नव्हतं. "तुला जरा गप्प बसवलं नाही का रे?" मी वैतागले. तो ओशाळं हसला.

दादाच्या तेराव्याला माझ्याकडची डिस्क घेऊन मी वाडीवर गेले. पाहुणे पांगल्यावर वहिनी आणि मी दोन्ही डिस्कमध्ये त्याला शोधत बसलो. फोटोत तो कुठेच नाही. असणार कसा... मोबाइल कायम त्याच्याच हातात. शेवटी आईचं बोलणं लावलं. "आई, इकडं बघ गो..." वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आई पुढे काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. मी तेवढाच तुकडा परत परत लावत राहिले.

बाहेर पावसानं जोर धरला होता. निघताना मी म्हटलं, "वहिनी, आता दोन्ही तुझ्याजवळच राहू देत." एक डिस्क उचलून तिनं माझ्या पिशवीत घातली आणि पिशवी छातीशी धरून मला छपराच्या पावळीपर्यंत पोचवायला आली. "नाय वन्सं. हे काय सांगायचे? दोघी एका छपराखाली नकोत. न्या तुम्ही."

परवा दारात वहिनी उभी. आयुष्यात कधी एकटी महाडला न आलेली. केस भिजलेले, काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क. तिला टॉवेल दिला, चहा ठेवला. "नवीन काय भरलंयस गं हिच्यात?" मी विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "पण महिना झाला ना."

मी शिडी लावली. जुनी डिस्क तिच्यासाठी खाली काढली आणि तिनं आणलेली दादा ठेवायचा त्याच कोपऱ्यात ठेवून दिली.