भारोभार गूळ

अड्याळच्या बाजारात बकऱ्या बसतात त्या बाजूला जागेश्वरभाऊ आता फिरकत नाहीत. भाजी घेतली की मान खाली घालून सरळ घरी. मागच्या बाजारी कोण्या नवख्या माणसानं हाक मारली, "भाऊ, हे बोकड पाहून द्या न, किती भरन?" तर म्हणाले, "काट्यावर ठेवा." अन् निघून गेले. मी बाजूलाच वांगी निवडत होते. ज्याला सारा बाजार हात धरधरून बकऱ्यांपाशी नेत होता तो माणूस म्हणतो, काट्यावर ठेवा!

मी रत्नाबाई. जागेश्वरभाऊंच्या घराला माझी भिंत लागून आहे. शिलाई मशीन चालवते, ब्लाऊज-परकर शिवते, अन् तोंडाची फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. शिवलेलं उसवता येतं, बोललेलं नाही, म्हणून मी बोलते ते मोजून अन् तोंडावर.

जागेश्वरभाऊ पुंडलिकरावांच्या राईस मिलमध्ये धान जोखायचे. मोठा तराजू, साखळ्यांना दोन पारडी, अन् बाजूला हा काटकुळा माणूस. पण पोतं पारड्यात पडायच्या आधीच याच्या तोंडून आकडा निघायचा, अन् काटा मागाहून मान हलवायचा. "काटा बिघडते वैनी, डोरा नाई बिघडत," असं ते मला सांगायचे. बोकडांत तर त्यांचा हातखंडा होता. घेणारे म्हणत, पोट केवढं आहे पाहा! तर हे म्हणत, "पोट नोको पाहू. मांडी पाह्य, मानेचं हाड पाह्य. बाजाराच्या सकाळी मीठ चारते अन् पोटभर पानी पाजते हे लोक." मग विकणाऱ्याकडे वळून, "बाबा, तुह्या बोकडात तीन किलो पानी हाये. पानी आमच्या घरी फुकट भेटते." सारे हसायचे अन् विकणाऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

एकदा मलाच म्हणाले, "रत्नाबाई, तुमी बहात्तर." मी कैची घेऊन धावले मागे. पुढं दवाखान्यात वजन केलं तर बहात्तर! मेल्याची जीभ जळो, असं मी पुष्पाजवळ म्हटलं अन् आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

पुष्पाबाई म्हणजे त्यांची बायको. धान रोवणाऱ्या बायांत पुढची ओळ तिची. अंगानं पहिल्यापासून सडपातळ, पण चिखलात वाकली की दुपारपर्यंत कंबर सरळ करायची नाही. एकुलती पोरगी रुपा, ती पवनीला दिलेली. नवरा-बायको दोघंच घरी, अन् भिंतीपलीकडून मला त्यांची थट्टामस्करी ऐकू यायची.

मग मिलमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा आला. एक दिवस एका पोत्यावरून जागेश्वरभाऊ अडून बसले. काटा जास्त दाखवतो आहे, पोतं तेवढं नाही, असं म्हणाले. चार गिऱ्हाइकांपुढे पुंडलिकराव बोलले, "अरे जागेश्वर, मशीन खरी का तुहा डोरा खरा? तुले येवढा गुमान आहे तर घरी जाऊन बायकोले जोख!" लोक खदखदा हसले. पोतं परत कोणी मोजलं नाही. त्या दिवसापासून जागेश्वरभाऊ मिलमध्ये फक्त पोती उचलायचे. आकडा तोंडाबाहेर काढणं त्यांनी सोडून दिलं. "माहा डोरा म्हातारा झाला वैनी," एवढंच म्हणाले. माणसाचा पाणउतारा करायला असा कितीसा वेळ लागतो!

त्याच साली श्रावणात पुष्पाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. पंधरवडा अन्न गेलं नाही. कोणी झाडपाला दिला, कोणी काढा दिला. जागेश्वरभाऊ गावदेवी मातामायच्या पारावर जाऊन डोकं टेकून बोलले, "माय, हिले उठव. हिच्या भारोभार गूळ वाटीन." अन् दसऱ्यापर्यंत पुष्पा उठली. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. चैतात नवस फेडायचा असं ठरलं.

बाई उठली खरी, पण माझी टेप खोटं बोलत नाही. दिवाळीनंतर ती ब्लाऊज घेऊन आली. बाह्या ढिल्या होत आहेत, आत घे म्हणाली. मी घेतल्या. गुढीपाडव्याला पुन्हा तेच. खांद्याची हाडं वर आलेली, गळ्याखाली खड्डे पडलेले. अन् त्याच तोंडानं म्हणते, "ताई, परकराचा घेर वाढवून दे, नाडी पुरत नाई."

मी टेप खाली ठेवली. म्हटलं, "पुष्पे, वरून आटून राहिली अन् खालून फुगून राहिली, हे काय सोंग आहे?" तिच्या पोटावर हात ठेवला. बाप्पा! चामडं ताणलेल्या डफासारखं घट्ट.

"पोट सुटलं वयानं," ती म्हणाली.

"वयानं सुटलेलं पोट मऊ असते. मी काय कमी पोटं मोजली? उद्याच्या उद्या दवाखान्यात चाल."

तिनं माझा हात धरला. "नवस होऊ दे ताई. मातामायनं बरं केलं म्हनून गूळ वाटून राहिलो, अन् त्याच्या आंधी मी दवाखान्यात जाऊन झोपू? रुपाचे बाबा काय म्हनतीन?" मग हळूच म्हणाली, "मिलच्या कोपऱ्यात पडलेला जुना तराजू मागून आणला त्याईनं. चिंच लावून घासून राहिले रोज. किती दिवसानं हासले, तुले माहीत हाये? येवढा एक दिवस त्याईचा होऊ दे."

मी कोणाचं ऐकून गप्प बसणारी नाही. संध्याकाळी भिंतीवरून जागेश्वरभाऊंना हाक मारली अन् सगळं सांगून टाकलं. पुष्पा आतून माझ्यावर डोळे वटारत होती. वटार म्हटलं.

जागेश्वरभाऊंच्या हातात पारडं होतं, ते खाली ठेवलं. पुष्पाला अंगणात बोलावलं अन् तिच्याकडे पाहिलं, बाजारात पाहायचे तसं. मनगट पाहिलं, मान पाहिली, पोटाकडे नजरच नेली नाही. किती दिवसांनी ते असे पाहत होते. चेहरा उतरला त्यांचा.

"वैनी," ते म्हणाले, "लग्नापासून सेहेचाळीसच्या खाली कधी गेली नाई हे. आता चाळीस हाये."

"मंग बसून काहून राहिले? चाला न!"

पण ज्याला भर मिलमध्ये खोटं पाडलं, तो आपल्या नजरेवर एवढी मोठी गोष्ट कशी टाकणार? ते म्हणाले, "माहा डोरा चुकते आता. चार दिवस तं राहिले. पारड्यात बसू द्या. चाळीस भरली तं पारावरूनच उचलतो अन् सरळ भंडाऱ्याले नेतो. मातामायची आन." पुष्पाही कबूल झाली. मी म्हटलं, ठीक. चार दिवस तर चार दिवस. काटा तरी सांगेल.

चैतातल्या त्या सकाळी पारावरच्या निंबाला तराजू टांगला. चिंचेनं घासलेली पारडी उन्हात लखलखत होती. पुष्पानं नवं लुगडं नेसून वर शाल घेतली होती, त्यामुळं पोट दिसत नव्हतं, दिसत होता तो नुसता सुकलेला चेहरा अन् काड्यांसारखे हात. बाया कुजबुजल्या, "केवढीशी हाये हे, गूळ उरन." रुपा नारळ घेऊन उभी होती. पुंडलिकरावही आले होते, मोठे लोक अशा वेळी बरोबर येतात.

पुष्पा एका पारड्यात मांडी घालून बसली. जागेश्वरभाऊ दुसऱ्या पारड्यात गूळ ठेवायला लागले. दहा किलोची एकेक भेली. चार भेल्या ठेवल्या अन् हात मागे घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस झाले होते. आता पुष्पाचं पारडं वर आलं की सरळ भंडारा.

पारडं वर आलं नाही.

पुष्पा जमिनीला टेकलेली तशीच. त्यांनी अर्धी भेली ठेवली. ढिम्म. उरलेली अर्धी ठेवली. तेव्हा कुठं पुष्पाचं पारडं हललं, वर आलं अन् दोन्ही बरोबरीनं झुलायला लागली. पन्नास! मातामायचा जयजयकार झाला. बाया हसत होत्या, "अवं, दिसत तं नाई! हाडातच जड हाये तं!" पुंडलिकराव म्हणाले, "म्या म्हनलं होतं न जागेश्वर? काटा खरा!"

अन् जागेश्वरभाऊ? तो माणूस हसत होता अन् रडत होता. "माहा डोरा खोटा निघाला!" असं ओरडून सांगत होता साऱ्यांना. "खोटा निघाला हो! चाळीस म्हनलो होतो मी, पन्नास हाये हे! सेहेचाळीसच्या वर गेली!" हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. रुपानं आईच्या तोंडात गूळ घातला.

मी पुढं झाले अन् म्हटलं, "अहो, आंग सुकून राहिलं अन् वजन वाढून राहिलं, थे कायचं वजन हाये, थे तं पाहा!" तर चार बाया माझ्यावर तुटून पडल्या. मातामायच्या पारावर असं अभद्र काहून बोलते म्हणे. जागेश्वरभाऊ मला हात जोडून म्हणाले, "वैनी, आजच्या दिवस राहू द्या. काट्यानं सांगतलं न." मी राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, तिसऱ्या दिवशी बोलले. पण आता त्यांच्या हाती पन्नासचा आकडा होता, देवीपुढं मोजलेला. माझी टेप त्याच्यापुढं काय चालणार? गावभर गूळ वाटला. सगळ्यांनी गोड मानून खाल्ला.

वैशाख संपता संपता पुष्पाला आडवं झोपता येईना. दम लागायचा. पायात बोट रुतलं की खड्डा तसाच राहायचा. तेव्हा कुठं गाडी करून भंडाऱ्याला नेलं. मी सोबत गेले. ती घरी परत आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या डोळ्यांपुढून जो दिवस हटत नाही तो ती गेली तो नाही, त्याच्या आधीचा आहे.

डॉक्टर म्हणाले, काविळीतच लिव्हर खराब झालं, पोटात पाणी साचलं आहे. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर इलाज करता आला असता. जागेश्वरभाऊंनी नुसती मान हलवली, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललं आहे. मग पोटात सुई घालून नळी लावली. पाणी काढायला दोन दिवस लागले. पिवळं, फेसाळ पाणी कॅनमध्ये उतरत होतं. पोट खाली बसत गेलं अन् खाटेवर उरली ती पुष्पा चादरीखाली दिसेनाशी झाली.

नर्सबाई दोन दिवसांचे भरलेले कॅन उचलायला आल्या. जागेश्वरभाऊ भिंतीशी उकिडवे बसले होते. त्यांनी कॅनकडे पाहिलं. मी त्यांचे डोळे पाहिले अन् मला कळलं की आता हे काय करणार. अहो नका, नका पाहू, असं म्हणणारच होते.

"दहा," ते म्हणाले.

"काका, अजून मोजलं कुठं?" नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी कॅनवरच्या रेघा पाहिल्या, पुटपुटत बेरीज केली अन् म्हणाल्या, "हो, दहाच लिटर. बरोबर सांगितलं तुम्ही."

पुष्पाला ऐकू गेलं होतं. ती कण्हत कण्हत हसली, त्याही अवस्थेत. "म्हंजे एक भेली पान्याची वाटली म्हना आपन," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे हात लांब केला. त्यांनी तो धरला, बोटांत मनगट घेऊन चाचपलं, बाजारात बोकडाचा पाय चाचपावा तसं, अन् मग त्या मनगटावर कपाळ टेकवलं.

"चाळीसचीच होती वैनी," ते म्हणाले. "अंगनात पाह्यली तवाच सांगतलं होतं न मी? साऱ्या बाजाराची पानी पाजलेली बोकडं ओरखली म्या. अन् घरच्या लक्ष्मीपाशी काट्याचं ऐकलं."