ओव्हर म्हणेपर्यंत

आमच्या आतोबांइतका शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढं होईल असं लक्षणही दिसत नाही. हे मी अशा जिल्ह्याबद्दल सांगतोय, जिथं एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं ते संपवायचं अशी कामाची वाटणीच झालेली आहे. आमच्याकडे 'काल बाजारात गेलो होतो, तर' एवढं कुणी म्हटलं की समोरचा 'बांगडे महाग' म्हणून मोकळा होतो, तिसरा ते का महाग झाले हे सांगायला लागतो, आणि ज्याचं वाक्य होतं तो आपला पान लावत बसतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते मात्र समोरच्याचं बोलणं पुरतं संपलं आहे अशी खात्री पटेपर्यंत ओठ मिटून बसत. आणि खात्री कधी पटायची, तर समोरच्यानं 'ओव्हर' असं स्पष्ट म्हटल्यावर.

पोफळीच्या वीजघरातून निवृत्त होऊन ते रत्नागिरीला आले, जांभ्याचं घर बांधलं, आणि आता हा माणूस देवपूजेला नाहीतर कलमांच्या खतपाण्याला लागेल अशी आत्यानं आशा धरली. त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं सरकारी लायसन काढलं. तो काळ ट्रंककॉल लावून माणसानं जेवून येण्याचा. तेव्हा आतोबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्वतः जुळवलेल्या यंत्रावरून रोज सकाळी जबलपूरच्या नाहीतर कोइमतूरच्या कुणाशी गप्पा मारायचे. गप्पा म्हणजे काय, तर 'तुमचा आवाज असा येतोय, माझा कसा येतोय?' एवढंच. एवढं कळलं की दोघेही दिवसभर तृप्त. अशा बोलण्यात एका वेळी एकालाच बोलता येतं. त्याचं झालं की तो 'ओव्हर' म्हणतो आणि मग दुसऱ्याची पाळी. हा नियम आतोबांना इतका पटला की त्यांनी तो घरातही लावला. 'आमटीत मीठ जरा कमी आहे, ओव्हर,' असं म्हणून ते पानावर स्वस्थ बसून राहायचे. सत्यनारायणाच्या कथेत अध्याय संपला की भटजींना हळूच 'ओव्हर म्हणा' असं सुचवायचे. आत्यापुढं मात्र त्यांचा इलाज चालला नाही. ती ओव्हर कधी म्हणायचीच नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून आपली पाळी आलेली नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि तीही तिला सांगायची सोय नव्हती.

आता मी कोण ते सांगतो. आज मी बोलायला लागलो की घरातली माणसं एकेक करून उठून जातात, पण तेव्हा मी तोतरा होतो. थोडाथोडका नव्हे. प, ब, म ही अक्षरं माझी हाडवैरी. पावसला जायचं तर 'प' निघायचा नाही आणि कंडक्टर तिकिटांच्या पेटीवर चिमटा वाजवत उभा राहायचा, म्हणून मी अलीकडच्या गोळपचं तिकीट काढायचो आणि उरलेली वाट चालत जायचो. हॉटेलात 'प... प...' म्हणेपर्यंत पोऱ्या पाण्याचा पेला आणून आदळायचा. मला पियूष हवं असायचं. त्या वर्षांत मी किती पाणी प्यायलो असेन, देव जाणे. नोकरी मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात, हिशेबाची. तिथं यंत्रांच्या घरघरीत कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे, सगळेच हातवारे करत, त्यामुळे तेवढ्या एका जागी मी सगळ्यांच्या बरोबरीचा होतो. लग्नाचं मात्र जमेना. मुलगी बघायला गेलो की पोहे संपायचे, पण माझं नाव सांगून व्हायचं नाही. दोन-चार ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पत्रिका त्यांनी घेतलीच नव्हती. मी मनातून हाय खाल्ली होती. आपल्या वाट्याला बोलायचं माणूस नाही हे एकदा डोक्यात बसलं की सहजी निघत नाही.

अशात आतोबांनी एक जुनी मोटार घेतली. घेतली ती आत्याला गणपतीपुळ्याला न्यायला, असं सांगून. त्याच दुपारी त्यांनी तिच्या टपाला ड्रिलनं भोक पाडलं आणि त्यातून एरियल वर काढलं. एरियल म्हणजे बांबूची लांब काठी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. भोकाभोवती मेण झालं, डांबर झालं, शेवटी फणसाचा चीक झाला, पण पावसाळ्यात ते गळायचं ते गळायचंच, आणि नेमकं मागच्या सीटवर. आत्या मोटारीत छत्री उघडून बसायची आणि तशीच रस्त्यावरच्या ओळखीच्या बायकांना हात करायची. यंत्र पुढच्या खणाखाली बसलं. इंजिन बंद असताना जबलपूर शेजारच्या परसात असल्यासारखं ऐकू यायचं. इंजिन सुरू केलं की टर्रर्र, आणि जबलपूर त्यात बुडालं. या टर्रर्रनं आतोबांना पछाडलं. प्लगच्या वायरी बदलल्या, डायनामोला कंडेन्सर लावला, तरी टर्रर्र. मग जबलपूरहून सल्ला आला की मोटारीचा प्रत्येक पत्रा दुसऱ्या पत्र्याला तांब्यानं जोडा. आतोबांनी न्हाणीघरातला जुना बंब फाडला आणि त्याच्या पट्ट्यांनी बॉनेट, दारं, डिकी सगळं एकमेकांना बांधून टाकलं. आत्या म्हणाली, आता अंघोळीचं पाणीही मोटारीतच तापवा. त्या दिवसापासून मागचं एक दार उघडेना. टर्रर्र थोडं कमी झालं असं आतोबांना वाटलं, आम्हाला नाही.

खाऱ्या पाण्याच्या कडेला लहरी लांबवर जातात असं त्यांनी कुठंसं वाचलं, तेव्हापासून सकाळी मोटार भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागली. टपावर उंच काठी आणि आत कानाला हेडफोन लावून पुतळ्यासारखा बसलेला माणूस. पलीकडे गळ टाकून बसणारा एक म्हातारा हे रोज बघायचा. एकदा त्याला राहवेना. 'काय गावला काय?' त्यानं विचारलं. 'जबलपूर गावलेला,' आतोबा हळहळत म्हणाले, 'पण सुटला.' म्हाताऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली. मोठा मासा सुटायचाच.

मोटार हाकणं आणि टर्रर्र शोधणं एकदम जमेना, म्हणून चालवायला मी. पहिल्याच फेरीत, परटवण्याच्या चढावर, मला सांगायचं होतं की पेट्रोल संपत आलंय. मी 'प'वर अडकलो. सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, की आता हे पंक्चर म्हणणार, पोलीस म्हणणार की पाऊस. आतोबा ओठ मिटून समोर रस्त्याकडे बघत होते. चढ संपला तेव्हा माझं वाक्य संपलं, आणि पेट्रोलही तिथंच संपलं. ते तरी गप्पच. मग मला आठवण झाली आणि मी ओव्हर म्हटलं. 'मला मघाशीच कळलं होतं,' आतोबा म्हणाले. 'पण वाक्य तुझं होतं. ओव्हर.' आम्ही दोघांनी मिळून मोटार पंपापर्यंत ढकलत नेली. ढकलता ढकलता मला रडू फुटलं, ते घामात खपून गेलं. माझं एक अख्खं वाक्य, मधे कुणीही हात न लावता, पलीकडे पोचलं होतं.

पुढं त्यांनी माझ्या तोतरेपणालाही टर्रर्रच धरलं आणि त्याचा शोध सुरू केला. त्यांची रीत ठरलेली होती. आवाज कुठून येतो ते शोधायचं नाही. कुठून येत नाही ते एकेक करून खोडत जायचं. गायीशी बोलताना अडतोस का? नाही. एकटा असताना? नाही. मोटारीत माझ्याशी? पहिल्याइतकं नाही. आत्याशी? आत्याशी बोलायची वेळच कधी आलेली नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी सहानुभूतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं बरेच दिवस चाललं आणि एका सकाळी त्यांनी निकाल दिला. 'भाचेबुवा, तुझ्या इंजिनात काही बिघाड नाही. टर्रर्र ऐकणाऱ्यांच्या घाईतून येतंय. ओव्हर.' माझ्या जिभेला लोकांनी वेखंड उगाळून लावलं होतं, मला तोंडात गोटे धरून श्लोक म्हणायला लावले होते. सगळ्यांनी बॉनेट माझंच उघडलं होतं.

मग दापोलीचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांची तिथं कलमांची रोपवाटिका होती. माझ्या वडिलांना गाडी लागायची, त्यामुळे आई आणि ते गावीच राहिले आणि मी, आतोबा आणि छत्रीसकट आत्या असे आम्ही तिघं निघालो. खेडच्या पुढं एका आंब्याच्या फांदीनं एरियल मध्यावर मोडलं, तो लोंबता तुकडा तसाच मिरवत आम्ही त्यांच्या घरापुढच्या खळ्यात शिरलो. मुलीचे वडील म्हणजे वाक्यं संपवणाऱ्यांचे मेरुमणी. मी काय करतो असं त्यांनी विचारलं. मी सुरुवात केली, ब... ब... 'बँकेत,' ते म्हणाले. 'वा वा. कायम आहात ना?' आतून कुणीतरी 'बँकेत आहेत हो' हे मागच्या पडवीपर्यंत पोचवलं. तोवर नुसते पोहे होते, आता लाडूही आले. आत्या 'अहो, तसं नाही' म्हणायला गेली, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला तिच्याहून जलद बोलणारा भेटला होता. गप्प राहिलो तर बँकेशी लग्न ठरणार आणि पुढं शोभा होणार. बोलावं तर बोलू देतोय कोण? मुलगी खाली मान घालून बसली होती. पण वडिलांनी 'बँकेत' म्हटलं तेव्हा तिनं एकदाच वर बघितलं होतं, वडिलांकडे नाही, माझ्याकडे.

आतोबा उठले. एरियल मोडलंय, निघण्याआधी तपासायला हवं, म्हणाले. त्याला दोन माणसं लागतात. एक ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला हा आहे, आणि यंत्राच्या काट्याकडे बघायला मुलगी चालेल. 'काट्याकडे मी बघ...' असं वडील म्हणायला लागले, आणि आतोबांनी उभ्या आयुष्यात एकदाच दुसऱ्याचं वाक्य मधे तोडलं. 'तुम्हाला चष्मा आहे,' ते म्हणाले आणि चालायलाच लागले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आम्ही दोघं मोटारीत बसलो. आतोबांनी मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि तिला नियम सांगितला, की या गाडीत एकानं ओव्हर म्हणेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, नाहीतर यंत्र बिघडतं. मग त्यांनी बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. बॉनेट वर गेलं तशी समोरची ओटी दिसेनाशी झाली, आणि इंजिनाच्या आवाजात तिथलं बोलणंही.

मी सुरुवात केली आणि 'मी'वरच अडकलो. ती काट्याकडे बघत होती. काटा हलत नव्हता. मी पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, मान डोलावून मला पुढं ढकललं नाही, शब्द पुरवला नाही. सगळं वाक्य बाहेर पडेपर्यंत ओटीवरचा चहा निवला असणार.

'मी बँकेत नाही. बर्फाच्या कारखान्यात आहे. ओव्हर.'

ती काट्यावरची नजर न काढता म्हणाली, 'बाबा घाईत असतात. मला घाई नाही. ओव्हर.'

बँक गेल्यावर तिच्या वडिलांनी पुष्कळ कुरकुर केली म्हणे, पण त्या दिवशी मुलीनं त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. परत येताना भरणे नाक्यावर आतोबांनी सुपारीसाठी खिशात हात घातला तर हातात यंत्राचा फ्यूज आला. तो मोटारीत नव्हताच, तर काटा हलणार कसा? आतोबा त्या फ्यूजकडे नवल वाटल्यासारखे बघत राहिले. बायको म्हणते, तिला ते तेव्हाच कळलं होतं.

आमचा संसार झाला, माझी जीभ सुटली. अजूनही कधी 'प'वर अडकतो, पण आता पियूष मिळतं. मोटार मात्र थकली. तिची चाकं काढून आतोबांनी ती घरामागं चार चिऱ्यांवर ठेवली आणि आत्यानं एरियलवर शिराळ्याचा वेल चढवला. तरी आतोबा सकाळी तिच्यात जाऊन बसायचे, आणि मी गेलो की मला चालवायच्या जागेवर बसवायचे. मला त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. तुम्ही थांबलात म्हणून मी बोलायला लागलो, एवढंच. पण घरच्या माणसाला असं तोंडावर सांगायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे ते मागं पडत गेलं. शेवटी एका सकाळी मी ठरवून गेलो. आतोबा फार वाळले होते. मी आत बसलो, दार ओढलं, आणि तोंड उघडणार एवढ्यात तेच बोलायला लागले. 'ते टर्रर्र,' ते म्हणाले, 'मला वाटतं, सायलेन्सरच्या...' आणि थांबले. मी थांबलो. वेलावर पिवळी फुलं आली होती, त्यांच्याकडे बघत दोघं बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आत्या पेज निवतेय म्हणून बोलवायला आली. तिनं खिडकीतून बघितलं, त्यांचा डोळा लागला होता. ती काही न बोलता तशीच उभी राहिली. आत्याला एवढा वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहीत, आणि थोड्याच दिवसांत गेले. सायलेन्सरचं पुढं काय, हे कुठलाही मेस्त्री चुटकीसरशी सांगेल. मी कुणाला विचारलेलं नाही. वाक्य त्यांचं आहे. ते ओव्हर म्हणाले नाहीत, तेव्हा माझी पाळी अजून यायचीच आहे, आणि माझं ते एक वाक्य मी तसंच धरून ठेवलंय. तुम्हाला सांगितलं ते आपलं मधल्या वेळात. मी थांबलोय. मला घाई नाही.